बेडकावर लाल रेघ

बेडकाच्या पोटावर पुन्हा लाल रेघ होती. आडवी, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारी लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘परत काढ.’

धाकट्याने माउस असा आपटला की पेन्सिलींचा डबा आडवा झाला.

“बस्स! मी चाललो. स्टुडिओला आजच होकार कळवतो.”

पेनड्राइव्ह आणून देऊन आई तिथेच उभी होती. “जायचं तर जा. मी आडवी येणार नाही. पण भांडून जाऊ नकोस. त्यांचं वय झालंय.”

बाबा निवृत्त शिक्षक. मुलांसाठी विज्ञानाचं पुस्तक लिहीत होते आणि चित्रं धाकटा काढत होता. परगावच्या कार्टून स्टुडिओचं बोलावणं आलं होतं, पण पुस्तक पुरं झाल्याशिवाय जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. मग मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव केवढं असावं यावरून दोघांचं वाजलं आणि अबोला धरला गेला. दोघेही एकाच माळेचे मणी. माघार कोण घेणार?

तेव्हापासून चित्रांची ने-आण आईकडे आली. बाबांचा हात थरथरायचा, पेनड्राइव्ह त्यांना नीट लावता यायचा नाही. चित्र बघून ते फिरायला बाहेर पडत. मग आई त्यांच्या खुर्चीत बसून फाइल पेनड्राइव्हवर घेई आणि इकडे आणून देई.

“माझं एकही चित्र त्यांच्याकडे ठेवणार नाही,” धाकटा म्हणाला. “सगळी इकडे ओढून घेणार आणि तिकडची पुसून टाकणार. काढू दे त्यांना स्वतः बेडूक!”

त्याची डिस्क मध्यंतरी बिघडली होती. आता सगळी चित्रं होती ती फक्त बाबांच्या कॉम्प्युटरवर. ती गेली की पुस्तक बसलंच.

“मी आणते की पेनड्राइव्हवर,” आई म्हणाली. “थोडी थोडी.”

माहेरी आलेली ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती एका कचेरीत कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायची. ती हसली. “आई, एवढी मोठी चित्रं या एवढ्याशा पेनड्राइव्हवर? पेल्यापेल्याने टाकी भरायची का? दोन कॉम्प्युटरांमध्ये सरळ वायर टाकू. फोल्डर शेअर केला की याला इथे बसून तिथलं सगळं दिसेल. नळ सोडल्यासारखं.”

“कशाला उगाच वायरबियर?” आई म्हणाली. “घरभर जंजाळ.”

“घरात वाय-फाय आहे ना?” धाकट्याने विचारलं.

“आहे, पण मधली भिंत ओलांडताना त्याला धाप लागते. वायरच बरी.” ताईने पिशवीतून निळ्या वायरचं वेटोळं काढलं. “पण आधी शांत हो. रागात पुसलेलं परत येत नाही.”

“तू वायर टाक. उपदेश नको.”

ताई वायर सोडत बाबांच्या खोलीत गेली. बाबा पडद्याकडे डोळे वटारून बसले होते.

“परत बेडूक!” ते दारापलीकडे ऐकू जाईल अशा बेताने ओरडले. “सांग त्याला, किती वेळा तेच चित्र पाठवणार आहेस? प्रकाशक माझ्या डोक्यावर बसलाय. वर्गात असता तर अंगठे धरून उभा केला असता!”

“ऐकलंस?” धाकटा आईला म्हणाला. “बेडूक परवडला. तो निदान पावसाळ्यातच ओरडतो.”

 आईने त्याची बॅग सकाळीच भरून ठेवली होती, वर डब्यासाठी जागाही ठेवली होती.

तिकडे ताईने वायर खोचली. “बाबा, जरा उठा. तुमचा फोल्डर त्याला दिसेल असं करते.”

“दिसू दे की! मी एवढं लिहून पाठवतो, त्याला कुठे काही दिसतं? स्वतःला फार शहाणा समजतो. माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही.”

“तो चित्रं परत घेतोय. घेऊन जाणार आहे.”

 बाबांनी हातातला कप बशीत ठेवला. तो बराच वेळ खडखडला. “नेऊ दे,” ते म्हणाले. “गरज काय मला एकट्यालाच आहे?”

ताई परत आली आणि धाकट्याच्या शेजारी बसली. आई दोघांच्या मागे सरकली. “जेवून घ्या ना आधी. मग करा.”

“आता जेवण नको,” धाकटा म्हणाला. “कुठे आहे फोल्डर?”

“इथे नेटवर्कमध्ये जा. हा बाबांचा कॉम्प्युटर. आता हा फोल्डर उघड. हं. सगळी निवड, इकडे उतरव, आणि सगळी आली का ते नीट बघून मगच पूस.”

चित्रं भराभर येऊ लागली. धाकट्याने पहिलं उघडलं. बेडूक. त्याने खुर्ची पुढे ओढली.

पोटावर रेघ नव्हती. कोपऱ्यात बरोबरची हिरवी खूण होती, थरथरत काढलेली. खाली वेडीवाकडी हिरवी अक्षरं होती, ‘उत्तम. आता साप घे.’

त्याने त्याच्यानंतरचा बेडूक उघडला. ‘हाही छान. पण पहिला पसंत केला होता ना?’ त्याच्यानंतरचा उघडला. ‘का बदलतोस रे? माझ्यावर एवढा राग?’

लाल ठिपकासुद्धा कुठे नव्हता.

धाकट्याने मान वळवली. ताईनेही वळवली.

आई पदराला हात पुसत उभी होती. तिने नजर चुकवली नाही.

“हे दिसलं असतं,” ती म्हणाली, “तर बाबांसाठी एकामागून एक पुस्तकं करत तू जन्मात या घराबाहेर पडला नसतास.”