रिकामी बाहुली

ती कापडी बाहुल्या शिवून ऑनलाइन विकायची. परदेशातून पहिली ऑर्डर आली, तेव्हा कुरिअरवाला हसला.

"वजन काहीच नाही ताई, पण खोकं केवढं! पैसे खोक्याच्या आकाराचे लागतात. बाहुलीपेक्षा पाठवणं महाग पडेल. सोडून द्या ते गिऱ्हाईक."

"सोडायला धरलंय का?" म्हणत तिने बाहुली घरी आणली, पाठीची शिवण उसवली आणि सगळा कापूस काढला. चपटी बाहुली साध्या पाकिटात मावली. सोबत सुईदोरा आणि निरोप, 'घरातलं काहीतरी मऊ भरा आणि टाके घाला.'

"रिकामी बाहुली? लोक तोंडात शेण घालतील," नवरा म्हणाला.

"घालू देत."

काही आठवड्यांनी तिकडच्या बाईचा फोन आला. "आमचे हे गेल्यापासून लेक झोपतच नव्हती. बाहुलीत त्यांचे शर्ट भरले. आता तिला कवटाळून झोपते."

हळूहळू ऑर्डरी इतक्या वाढल्या की कुरिअरवाल्याने आपणहून दर उतरवला. नवरा खूश झाला. "आता खुशाल कापूस भरून पाठव."

"त्याने फुकट नेली तरी भरणार नाही," ती म्हणाली. "ते काम माझं नाहीच."