साहेबाच्या मिरच्या

सन १९३४. तोरणमाळच्या थंडीत मिरची पिकवून दाखवायचीच, असा हट्ट एका गोऱ्या साहेबानं धरला. गोधड्या पांघरवून जपलेली रोपं अखेर लालभडक मिरच्यांनी लगडली. साहेबानं एक चावून पाहिली. डोळ्यांत पाणी आलं नाही, तेव्हा आपल्याला देशी तिखट पचायला लागलं म्हणून तो खूश झाला. त्यानं ओंजळभर वाळक्या मिरच्या बागेत राबणाऱ्या चुडामणला बक्षीस दिल्या.

चुडामणची नात तापानं फणफणली होती. त्याच्या बायकोनं, धनुबाईनं, त्याच मिरच्यांनी नातीची दृष्ट काढली आणि त्या निखाऱ्यांवर टाकल्या. घरात कुणालाच ठसका लागला नाही.

"एक बी ठसका उना नही! नजर भलती जबर शे," धनुबाई हादरली. "पोरले काल कोन दखी गया?"

"सायेब," चुडामण म्हणाला. "गालले हात बी लाया त्यासनी."

दोन दिवसांत ही गोष्ट गावभर झाली.


आणि साहेबानं अहवालात लिहिलं: "प्रयोग यशस्वी. येथील जनतेच्या मनात माझ्याविषयी आदर इतका वाढला आहे, की मी दिसताच स्त्रिया अदबीने मुलांची तोंडेसुद्धा पदराने झाकतात."