घरची धार

मिस्त्रीच्या घरी येऊन आचाऱ्याने सुरी टोमॅटोवर ठेवली आणि ओढली. टोमॅटो कापला गेला नाही, नुसता दबला. त्याने आणखी जोर दिला, तेव्हा साल फुटून रस थेट त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाला.

"मिस्त्री, ही धार म्हणायची?" सदरा झटकत आचारी म्हणाला. "अहो, हिच्यावर तान्हं बाळ झोपवता येईल!"

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारच दिवसांपूर्वी याच सुरीने त्याने हवेत धरलेला कागद उभा चिरून दाखवला होता. अख्खी गल्ली बघायला जमली होती.

ती धार लावली होती बेल्ट ग्राइंडरवर, लोखंडी गेटं घासून घासून खिळखिळ्या झालेल्या फिरत्या पट्ट्याच्या यंत्रावर. मिस्त्री कामाला होता ते वर्कशॉप बंद पडलं तेव्हा ते भंगारात निघालं होतं, मिस्त्रीने ते घरी आणलं. कारण साधं होतं. या घरातली एकही सुरी कधी धड कापत नसे, आणि आई त्याच बोथट सुरीने रोज सगळ्यांची भाजी चिरत असे. आयुष्यभर लोकांची कामं गुळगुळीत करून दिली, आणि स्वतःच्या आईच्या हातात हे असलं हत्यार! त्याला स्वतःचीच चीड यायची. पहिली सुरी पट्ट्यावर धरली तर ती तापून निळी पडली, पोलाद जळून गेलं. मग त्याने मोटरची पुली बदलून पट्ट्याचा वेग उतरवला. पातं दरवेळी त्याच कोनात बसावं म्हणून लोखंडी पट्टीला खाच पाडली. वर पाण्याची बाटली टांगली, थेंब थेंब गळणारी. यंत्र असं चालू लागलं की बघत राहावं.

खानावळीचा आचारीही बघून गेला. जाताना म्हणाला, "घरातली सुरी चार दिवस रोजच्या वापरात ठेवा. धार टिकली तर खानावळीच्या सगळ्या सुऱ्या धारेला तुमच्याकडे, कायमच्या." त्या एका शब्दावर मिस्त्री जगत होता. हाताला दुसरं काम नव्हतं.

आणि धार टिकेल तर शपथ! आज लावावी, उद्या सुरी पुन्हा मठ्ठ. त्याने पट्टा बदलला, कोन बदलला. आचाऱ्याला न सांगता गुपचूप पुन्हा धार लावली. पुन्हा तेच. यंत्रात खोट नाही याची त्याला खात्री होती. म्हणजे खोट माणसात होती.

"मी सांगतो काय झालंय ते," मिस्त्री गरजला आणि दारात उभ्या असलेल्या बायकोकडे वळला. "ओट्याच्या दगडावर कापतेस ना तू? लाकडाची फळी काय शोभेला आणून दिली होती? माझ्याच पोटावर पाय देतेस?"

"चार माणसांत माझा उद्धार करू नका," बायकोही उसळली. "सकाळी कामाला जाते ती दिवे लागल्यावर येते मी. सुरीला माझा हात लागतोच कधी? आईंच्या हातून सुटेल तेव्हा ना!"

"म्हणजे आता माझ्या आईवर ढकलतेस? लाज नाही वाटत?"

आचारी उगाच छताकडे बघू लागला. बायकोच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी आई गवारीच्या शेंगा पुढ्यात घेऊन बसली होती, आचाऱ्याने मागून घेतलेली सुरी परत मिळण्याची वाट बघत.

"तिला बोलू नकोस," आई म्हणाली. "मीच सुरी घासून धार मारते. ओट्याच्या कडेवर. तू बाहेर गेलास की."

मिस्त्रीला आधी हसूच आलं. मग आणखी संताप आला.

"तू? अगं, तुझ्यासाठी तर केला हा सगळा खटाटोप! रात्रंदिवस त्या पट्ट्याशी झटतोय, आणि तू माझ्याच धारेवर उठलीस? आपल्या घरात कधीच धड सुरी का नव्हती, ते आता कळलं! काय बिघडवलंय मी तुझं?"

आचाऱ्याने ओशाळून सुरी आईच्या पुढ्यात ठेवली. आईचा हात टेबलावरून फिरला. शेंगांवरून गेला, ताटलीच्या कडेला लागला, सुरीच्या पलीकडे जाऊन मागे आला, आणि मग कुठे मूठ सापडली. मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिला.

"तुझं यंत्र चांगलं आहे रे," आई म्हणाली. "पण धार असली की बोट कापलेलं कळतच नाही, ओलं लागतं तेव्हा कळतं. बोथट सुरी आधी टोचते. दिसेनासं झाल्यापासून भाजी कुठे संपली आणि बोट कुठे सुरू झालं, ते मला तीच सांगते."