सहादूच्या हाताला पुरेल इतकं

जवळपास रिकाम्या हंड्यात तांब्या पडला. ठण्ण! गोरक्षची करवत थांबली.

"माजा हातच पुरत न्हाई," टाचा उंचावून उभा असलेला चार वर्षांचा सहादू म्हणाला.

"आता पुरंल." मनकर्णानं हंडा कलता करून तळाचं घोटभर पाणी त्याच्या तोंडाला लावलं. "आबा तुला लाकडाच्या पायऱ्या करत्यात बघ."

बैल चारा छावणीत होते, विहिरीचा तळ दिसत होता. रानात करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून गोरक्षनं करवत हातात घेतली होती. फळ्या पाळण्याच्या होत्या. संक्रांतीच्या सुमारास धाकटी पोर गेली. मनकर्णाच्या अंगावर दूधच उरलं नव्हतं. तेव्हापासून पाळणा आढ्याला टांगून होता.

शेजारची रंगुबाई विस्तव मागायला आली आणि दारातच थबकली.

"अगं बाई, पाळना मोडला? असं करत्यात व्हय कुनी?"

"आता कुनाला लागतोय," मनकर्णा म्हणाली.

रंगुबाईची नजर दाराशी भरून ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंकेवर गेली. मनकर्णाची लग्नातली ट्रंक होती ती.

"जायचं ठरलं म्हन. नगरला, थोरल्या जावंकडं."

"व्हय. सकाळच्या यष्टीनं."

"ब्येस झालं. तितं धुनीभांडी तरी मिळत्यात. भाकरी चुकत न्हाई." मग हळूच म्हणाली, "पन पोरगं ऱ्हाईल का आईबिगर?"

मनकर्णानं गोरक्षच्या हातात खिळा दिला. "ऱ्हाईल. लहान हाय तवर सवय लागतीया."

"आन् बापाला सैपाक येतोय का? का दोघांनी लाकडंच चावायची?" रंगुबाई आपल्याच बोलण्यावर हसली.

गोरक्ष हसला नाही. हातोडा पडत राहिला. रंगुबाई विस्तव घेऊन निघून गेली.

उन्हं उतरली तेव्हा दोन पायऱ्यांचं स्टूल उभं राहिलं होतं. गोरक्षनं सुतळीला गाठ मारून आणली होती. त्या मापानं त्यानं भिंतीवर कोळशाची रेघ ओढली.

"हितवर पुरला पायजे."

सहादू चढला. बोटं रेघेच्या वर गेली. मनकर्णानं त्याला उतरवलं, पुन्हा चढवलं, पुन्हा उतरवलं.

"उतरताना तोंड फळीकडं करायचं. हां, असं. पानी आपल्या हातानं घ्यायचं. सारखं कुनाला मागत बसायचं न्हाई."

"आन् मी पडलो तर?"

"तर उचलतील की." ती फुटक्या काचेच्या तुकड्यानं फळीच्या कडा तासत राहिली. कुसळ लागायला नको. कडा केव्हाच गुळगुळीत झाल्या होत्या, तरी तिचा हात थांबेना.

सहादूनं वरच्या पायरीवर बसून खोटी खोटी घंटी ओढली. "चला, शेवगाव, नगर! तिकीट घ्या, तिकीट!"

"मला एक द्या," गोरक्ष म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

सकाळी यष्टी फाट्यावर आली. नगरहून न्यायला आलेले थोरले दीर आधी चढले. ट्रंक टपावर गेली. मागोमाग नगरच्या हंड्याच्या मापाचं स्टूल. मनकर्णानं सहादूला उचलून दिरांच्या हातात दिलं आणि ती रस्त्याच्या कडेला गोरक्षजवळ जाऊन उभी राहिली.

सहादूनं खिडकीच्या गजांतून तोंड बाहेर काढलं.

"आये, दत्तक गेल्यावर नगरच्या काकूला आई म्हनायचं, आबा म्हनले. मग तुला काय म्हनू?"