चुरा टिकवायची रीत

मुलगा महेश गेल्यावर दोन वर्षांनी शकुंतलाबाईंनी स्वतः पुढाकार घेऊन सुनेचं दुसरं लग्न लावून दिलं. सायली सोलापूरला गेली आणि पंचवटीतल्या घरात त्या एकट्या उरल्या. तिच्या नव्या घरी आवडेल न आवडेल, म्हणून चार महिन्यांत त्यांनी एकदाही फोन केला नाही. नंबर काढायच्या आणि मोबाइल ठेवून द्यायच्या.

एका दुपारी सायलीचाच व्हिडिओ कॉल आला.

"आई, ब्रेडचा चुरा टिकतच नाही हो माझा. तुम्ही कसा करायचात?"

दोन दिवस कुणाशी बोलणं नसल्याने शकुंतलाबाईंचा आवाज आधी फुटेचना. खाकरून त्या म्हणाल्या, "अगं, शिळे स्लाइस मंद आचेवर तव्यावर कडक होऊ द्यायचे. पार गार झाल्याशिवाय मिक्सरला लावायचे नाहीत, नाहीतर वाफ कोंडते आणि बुरशी धरते. बरणी कोरडी ठणठणीत हवी. जास्त दिवस ठेवायचा असला तर सरळ फ्रीजरमध्ये टाक."

सायली मान डोलावत मन लावून ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या हातातला मोबाइल जरासा कलला आणि मागचा ओटा दिसला. ओट्यावर काचेची बरणी होती, चुऱ्याने काठोकाठ भरलेली. चुरा कोरडा, मोकळा, अगदी शकुंतलाबाई करायच्या तस्सा.

शकुंतलाबाईंनी ती बरणी नीट पाहिली, पण तो विषय काढला नाही. मग म्हणाल्या, "एक महत्त्वाचं राहिलंच बघ. उद्या याच वेळेला फोन कर, सावकाश सांगते."