शेळ्यांचा बंदोबस्त

समतेचा मार्ग आपल्याच तालुक्यातून जातो, हे नव्या बसस्टँडच्या उद्घाटनाचं वाक्य इंजिनिअर मोहित्यांनी स्वतः पुढाऱ्यांना लिहून दिलं होतं. पायऱ्यांशेजारी त्यांनी अपंगांसाठी उतारही बांधला होता. फीत कापायला बोलावलं सीमेवर पाय गमावलेल्या सुभेदार सयाजींना. चारचौघांत चाकांची खुर्ची स्वतः चालवत वर जायचं, म्हणून ते महिनाभर अंगणात सराव करत होते. पण उताराच्या तोंडाशीच खुर्ची दोन लोखंडी खांबांत अडकली. “आवं सायेब, हे कशापायी ठोकलंय?” “बाजारादिवशी शेळ्या वर चढतात, म्हणून...” मोहिते बुटांकडे बघत पुटपुटले. “व्हय व्हय. शेळ्यांचा बंदोबस्त लय झ्याक केलाय.” शेवटी चौघांनी खुर्ची उचलून पायऱ्यांवरून नेली, एक चाक मोहित्यांनी धरलं, पण सुभेदारांकडं बघायची त्यांची छाती झाली नाही. वर, त्याच खांबांमधून चढलेली शेळी सत्काराचा हार खात होती.