मिस्त्रीच्या माघारी

“आता थेंबभरही गळणार नाही,” असं म्हणत नवऱ्याने पाना खाली ठेवला. नळ गळतच होता.

तिने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “वॉशर नवा आहे. बसायला वेळ लागतो. तुला त्यातलं काय कळतंय?”

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर तिने कोपऱ्यावरच्या प्लंबरला बोलावून घेतलं. त्याने उलटा बसवलेला वॉशर काढून सरळ बसवला आणि तो निघून गेला. संध्याकाळी नवऱ्याने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला.

“बघितलंस?”

“बघितलं,” ती म्हणाली.

तिथून हा पायंडाच पडला. आधी ती भांडायची. ज्याचं काम त्याला करू द्या म्हणून कानीकपाळी ओरडायची. पण नवरा हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकत नसे, आणि प्रत्येक भांडण तिच्या माहेरच्यांचा उद्धार करूनच संपायचं. त्यापेक्षा हे बरं होतं. तो कपाटाचं दार तिरकं लावायचा, सुतार येऊन सरळ करून जायचा. त्याने बाथरूममध्ये बसवलेल्या फरशा पोकळ वाजत होत्या. तो कामासाठी परगावी गेला तेव्हा गवंड्याने त्या उखडून नव्याने बसवल्या. परत आल्यावर नवऱ्याने एकेक फरशी टाचेने ठोकून पाहिली आणि शेजाऱ्यांना, गावातच दिलेल्या लेकीला आणि जावयाला बोलावून दाखवली. शेजारी त्याला मिस्त्री म्हणायला लागले. त्याला ते आवडलं.

तिलाही आवडलं, पण वेगळ्या कारणाने. “हिला साधा खिळा ठोकता येत नाही,” असं तो चारचौघांत म्हणायचा, लोक हसायचे, आणि ती मान खाली घालून आतल्या आत त्याची चव घेत राहायची. नवऱ्याचं सगळं मोठेपण तिच्या मुठीत होतं. मूठ कधी उघडायची ते ती ठरवणार होती.

वायरमनला मात्र हे पटत नव्हतं. नवऱ्याने कपडे धुवायच्या मशीनसाठी स्वतःच नवा पॉइंट काढला, तेव्हा तिने त्याला बोलावलं होतं. बोर्ड उघडल्यावर त्याने आधी मेन स्विच बंद केला. मग म्हणाला, अर्थिंगची वायर भलतीकडेच जोडलीय. मशीन चाललं असतं, पण पत्र्यात करंट उतरला असता, आणि ओला हात लागला असता तर माणूस चिकटलाच असता. त्याने सगळं नव्याने जोडून दिलं आणि जाताना दारात थांबला.

“वहिनी, साहेबांना सांगून टाका. नळ, फरशी ठीक आहे. करंटशी खेळ नको.”

“सांगते,” ती म्हणाली. “वेळ आली की सांगते.”

त्यालाही आता बरेच महिने झाले होते. मग एकदा तिचे दीर आणि जाऊ जेवायला यायचं ठरलं. नवरा फोनवर भावाला म्हणत होता, ये, घर बघ कसं ठेवलंय मी, हिच्या भरवशावर राहिलो असतो तर कधीच डोक्यावर पडलं असतं. ती शेजारीच उभी होती, आणि ते त्याला माहीत होतं. त्याच दुपारी तिने वायरमनला फोन केला. रविवारी जेवणं झाली की या, म्हणून सांगितलं.

रविवारी नवरा सकाळभर बाहेर होता. कुठे गेला होता ते तिने विचारलं नाही. एकमेकांना असलं काही विचारणं दोघांनी कधीच सोडलं होतं. तो आला तो खुशीत आला, पोटभर जेवला आणि हात धुताच भावाला घर दाखवायला उठला.

“बसा जरा,” ती म्हणाली. “आधी या माणसाला भेटा.”

वायरमन अवघडून दारात उभा होता. ती आवाज न चढवता बोलत गेली. नळ, कपाटाचं दार, फरशा, मशीनचा पॉइंट. कोण आलं, काय निस्तरून गेलं, तुम्ही तेव्हा कुठे होतात. दीर जमिनीकडे बघत राहिले. जावेने पदर तोंडाशी नेला. नवऱ्याचा चेहरा उतरत गेला, आणि ती तो उतरताना डोळे भरून पाहत होती. आता तो ओरडेल, ताट भिरकावेल, अशी तिची तयारी होती.

तो ओरडला नाही. त्याने फक्त वायरमनकडे पाहिलं.

“मशीनचा पॉइंट मी जोडला होता तसा नाहीये?”

“नाही साहेब. सगळं बदललं मी. तुम्ही केलं तसं राहिलं असतं तर घरातलं कुणीतरी गेलं असतं.”

“पण इतके महिने चाललं ना ते,” नवरा म्हणाला. “मला वाटलं, जमलं आपल्याला. म्हणून आज सकाळी लेकीकडे जाऊन तिचा गिझर अगदी तसाच जोडून आलो.”

कुणी काही बोलायच्या आत तिने नंबर लावला होता. बेल वाजत राहिली. शेवटी लेकीचा फोन जावयाने उचलला.

“आई, ती अंघोळीला गेलीय,” तो हसत म्हणाला. “बाबांच्या गिझरचं पहिलं पाणी मीच घेणार म्हणून हटून बसली होती. थांबा, हाक मारतो.”

फोनमधून दारावर थाप मारल्याचा आवाज आला. मग पुन्हा, जोरात.

“आई, पाणी पडतंय आत,” जावई म्हणाला. “पण ती ओ देत नाहीये.”